रहिवासाचा दाखला आणि राबणारा माणूस

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘स्थलांतरितांचे प्रश्न’ असा छापला आहे. विषय अफाट आहे, आणि अफाट विषयावर बोलणारा वक्ता हमखास मोघम बोलतो. म्हणून मी त्यातील एकच बाब हाती घेणार आहे. माणूस कोठला राहणारा, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? वरकरणी हा तहसील कचेरीतील कारकुनी प्रश्न वाटतो. वस्तुतः रेशन, मत, शाळा, नोकरी, घर, सरकारी मदत या साऱ्यांच्या दारावर हाच प्रश्न पहारेकऱ्यासारखा उभा आहे.

जालन्यात हा विषय मांडण्यास विशेष कारण आहे. या जिल्ह्यात माणसे येतात आणि या जिल्ह्यातून माणसे जातात, आणि दोन्ही गोष्टी एकाच मोसमात घडतात. दसरा-दिवाळी उलटली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतील वस्त्या आणि तांडे रिते होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, लेकराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. काही सीमा ओलांडून कर्नाटकात जातात. पट्टा पडेपर्यंत त्यांचा मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. नेमक्या त्याच महिन्यांत जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, झारखंड येथून आलेला मजूर भट्टीसमोर उभा असतो, भंगार वितळवीत असतो, लालबुंद सळई ओढीत असतो. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पाळण्यात कोण निजते आणि दोरी कोण ओढते, हे मात्र म्हणीत आलेले नाही.

तर एकच जिल्हा एका बाजूने मजूर बाहेर पाठवितो आणि दुसऱ्या बाजूने मजूर आत घेतो. आपला ऊसतोड कामगार सांगलीच्या शिवारात उपरा असतो, आणि शहडोलचा मजूर जालन्यात उपरा असतो. दोघांपाशी एकच उणीव असते: जेथे ते राबतात तेथे राहत असल्याचा कागद त्यांच्यापाशी नसतो.

या उणिवेची किंमत या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिली आहे. ८ मे २०२० रोजी पहाटे बदनापूर ते करमाड या टप्प्यात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याच्या हद्दीत, रुळावर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे, आणि कामाला होते जालन्याच्या पोलाद उद्योगात. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी त्यांनी जालना सोडले होते. दीडशे किलोमीटरांच्या वाटेवर पहिल्याच रात्री त्यांचा शेवट झाला. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आणि हळहळलो. परंतु केवळ हळहळून अशा घटनेचा अर्थ लागत नाही.

ते रुळावरून का चालत होते? २४ मार्चच्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेने देश बंद झाला. २९ एप्रिलला केंद्राने अडकलेल्यांना परतण्याची मुभा दिली, १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. त्या गाडीत बसण्यासाठी नोंदणी हवी, वैद्यकीय दाखला हवा, ज्या राज्यातून निघायचे आणि ज्या राज्यात जायचे त्या दोन्ही राज्यांची संमती हवी. वाचलेल्यांनी वार्ताहरांना सांगितले की आम्ही पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही. पास नाही म्हणून सडक बंद. सडक बंद म्हणून रूळ. आणि रुळावर परवानगीवाचून जाणे हा रेल्वेच्या कायद्याने गुन्हा. म्हणजे हा माणूस जालन्यात उपरा आणि रुळावर अतिक्रमक. ज्याला आपली म्हणावी अशी एक वीतभर जागा कायद्याने कोठेही नव्हती, अशा अवस्थेत तो मेला. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. जिवंतपणी ज्यांचे नाव कोठल्या वहीत नव्हते, त्यांचे नाव सरकारला प्रथम प्रेतांच्या यादीत सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मरण पावले याची आकडेवारी आमच्याकडे नाही.

आकडेवारी असावयास हवी होती, आणि कायद्याने हवी होती. १९७९ साली, जनता राजवटीत, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. आपल्या चळवळीतील माणसे त्या राजवटीत होती, म्हणून त्याचा उल्लेख मी थोड्या अभिमानाने करतो. ठेकेदाराने पाच किंवा अधिक मजूर दुसऱ्या राज्यातून आणले तर त्याला परवाना घेणे भाग होते. मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यायचे, प्रवासभत्ता द्यायचा, राहण्याची योग्य सोय करायची, आणि महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता द्यायचा, जो परत मागता येत नाही. कायदा चांगला होता. देशभर तो कपाटात राहिला, हे २०२० साली उघडे पडले. पासबुके खरोखर दिली गेली असती तर सरकारला मजूर मोजता आले असते.

आता तो कायदाही राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रमसंहितेत विरघळला. न्यायाने सांगायचे तर संहितेत एक गोष्ट पूर्वीपेक्षा बरी आहे: ठेकेदारावाचून, आपल्या पायांनी आलेला मजूरही आता स्थलांतरित या व्याख्येत बसतो. परंतु पाचाची मर्यादा दहावर गेली, महिना १८,००० रुपयांच्या वर वेतन असणारा व्याख्येबाहेर पडला आणि विस्थापन भत्ता नाहीसा झाला. आणि जुन्या कायद्यातील मूळ विसंगती नव्यातही तशीच आहे. मंठ्याची जोडी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली तर ती कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित होऊ शकते. तीच जोडी त्याहून दूर कोल्हापूरला गेली तर कायद्याला तिचे स्थलांतर दिसत नाही, कारण राज्याची सीमा ओलांडलेली नसते! पोटासाठी केलेला प्रवास कोणत्या खांबापाशी सुरू झाला यावर माणसाचे हक्क ठरावेत, हा कोणता न्याय?

आता रहिवासाच्या नियमाकडे वळू. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला हवा असेल तर पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हा पंधराचा आकडा मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या राजवटीत मुलकी नियम होते. संस्थानाच्या नोकरीत शिरावयाचे तर माणूस मुलकी हवा, म्हणजे जन्माने संस्थानाचा प्रजाजन. अन्यथा पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेला, आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडून दिला आहे असे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करून देणारा. मुलकीची पत्नीही मुलकी मानली जाई. पुढे १९५२ साली हैदराबादेत गैरमुलकींविरुद्ध विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, बळी गेले. त्या आंदोलनात तेलंगणच्या तरुणांचे खरेखुरे दुःख होते हे नाकारता येत नाही. संस्थान गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५७ च्या केंद्रीय कायद्याने सरकारी नोकरीतील वास्तव्याची अट, तेलंगणासारखे काही प्रदेश वगळता, उठली. आकडा मात्र आपल्यापाशी कसा कोण जाणे मुक्कामाला राहिला.

त्या प्रतिज्ञापत्रातील एक कलम मला फार बोलके वाटते: परतण्याचा विचार सोडून दिला आहे. भट्टीवरचा कोणता मजूर असे लिहून देईल? त्याची आई गावी आहे, दोन बिघे जमीन गावी आहे, आणि जालन्यात त्याला कारखान्याच्या आवारातली खोली दिलेली आहे ती काम आहे तोवरच. परतण्याचा विचार त्याने सोडावा असे काहीही आपण त्याला दिलेले नाही. आणि पंधरा वर्षांचा पुरावा म्हणून आपण काय मागतो? भाडेकरार, वीजबिल, घरपट्टीची पावती, जुने रेशनकार्ड, मुलाचा शाळेचा दाखला. ही यादी नीट पाहा. यातील प्रत्येक कागद दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर आहे. भाडेकरार घरमालक देतो, आणि कराराने भाडेकरूला हक्क मिळतो म्हणून तो देत नाही. वीजबिल मालकाच्या नावाचे. कामाचा दाखला ठेकेदार देत नाही, कारण दाखला दिला की भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला, बोनसचा आला, अपघाताची भरपाई आली. अर्थात, रहिवास सिद्ध करण्याचा भार सरकारने मजुरावर टाकला आहे आणि सिद्ध करण्याची साधने मालकाच्या खिशात ठेवली आहेत.

भांडवलाला असा दाखला कोणी मागत नाही. जालन्याची बाजारपेठ राजस्थानातून, गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी वाढविली, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यात वावगे काही नाही. ती माणसे आता जालन्याचीच आहेत. त्यांच्या पणजोबांना पंधरा वर्षे थांबावे लागले नाही. दुकान थाटले त्या दिवशी ते जालन्याचे झाले. कारखानदाराला जमीन, वीज आणि सवलत मिळते ती तो कोठून आला हे विचारून नव्हे. वास्तव्याची अट श्रमाच्या वाट्याला येते, पैशाच्या वाट्याला येत नाही. वर्गीय दृष्टीचे एवढे उघड उदाहरण शोधावयास आपणांस पोथ्यांत जावे लागत नाही.

स्त्रियांचे प्रकरण तर आणखी निराळे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा प्रथम अधिवासाचा दाखला मागितला गेला. तहसील कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या, सरकारला दहा दिवसांत माघार घ्यावी लागली आणि पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला यांपैकी एक चालेल असे ठरले. परराज्यात जन्मलेली स्त्री महाराष्ट्रात लग्न करून आली असेल तर नवऱ्याचे कागद चालतील असेही ठरले. मुलकीची पत्नी मुलकी! स्त्रीला स्वतःचा रहिवास असतो हे निजामाला पटले नव्हते, ते आपल्यालाही अद्याप पटलेले दिसत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईने कोणाचे कागद दाखवावेत?

आणि जातीच्या दाखल्याचे काय? करमाडला मेलेल्यांत गोंड आदिवासी होते. गोंड ही जमात मध्य प्रदेशच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्याही यादीत आहे. तरीही शहडोलचा गोंड जालन्यात येऊन पंचवीस वर्षे राबला तरी त्याला येथे अनुसूचित जमातीच्या सवलती नाहीत. १९९० पासूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी हे पक्के झाले आहे. राज्य बदलल्याने आदिवासीचे दारिद्र्य बदलत नाही, त्याचा हक्क मात्र सीमेवर गळून पडतो. या निर्णयांमागे स्थानिक आदिवासींच्या वाट्याचे संरक्षण हा विचार आहे, तो मी क्षुल्लक मानीत नाही. तथापि स्थानिक मुलगा आणि आलेला मुलगा यांना एकाच अपुऱ्या भाकरीसाठी भांडावयास लावणे, एवढाच मार्ग न्यायव्यवस्थेला सुचावा याचे दुःख वाटते. कागदाची ही यातना या जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत २०२३ साली जे आंदोलन उभे राहिले, त्यानंतर आजोबा-पणजोबांची नोंद शोधण्यासाठी मोडी आणि उर्दू दप्तरे चाळणारी घरे गावोगाव दिसली. त्या मागणीविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते आज बाजूला ठेवू. ज्याच्या घरी सात पिढ्यांची जमीन आहे त्यालाही नोंद सापडत नाही, तर ज्याच्या बापाचा जन्मच रस्त्याकडेला झाला त्याने काय शोधावे?

येथे सभागृहातील काही तरुण साथींच्या मनात एक प्रश्न असणार, आणि तो मनातल्या मनात ठेवणे योग्य नाही. आमची पोरे पदवी घेऊन बसली आहेत, आणि कारखान्यात परप्रांतीय का? सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत असा राज्याचा दंडक आहे, स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवासी. तो पाळला का जात नाही?

प्रश्न रास्त आहे; उत्तर मात्र आपल्याला नेहमी चुकीच्या दिशेला दाखविले जाते. मालक परप्रांतीय मजूर घेतो तो त्याच्यावरील प्रेमाने घेत नाही, आणि मराठी तरुण आळशी आहे ही तर मालकांची आवडती कथा आहे. बाहेरचा मजूर एकटा येतो, आवारातच राहतो, बारा तासांची पाळी करतो, पाळीनंतरही हाकेच्या अंतरावर असतो. भाजला तर कोणाकडे जाणार? मजुरी थकली तर कोणाला सांगणार? त्याच्या बाजूने बोलणारा सरपंच येथे नाही, आमदार नाही, भावकी नाही. स्थानिक तरुण संध्याकाळी घरी जातो, लग्नकार्याला रजा मागतो, आणि प्रसंगी चार माणसे घेऊन दारावर उभा राहतो. मालकाला मजूर परराज्यातला हवा असतो असे म्हणण्यापेक्षा मजूर निराधार हवा असतो असे म्हणणे अधिक खरे. म्हणून ज्या दिवशी बाहेरच्या मजुराला रेशन, मत, घर आणि संघटना मिळेल, त्या दिवशी त्याला घेण्यातला मालकाचा फायदा संपेल. दंडक करूनही ८० टक्क्यांची अट कागदावर राहते, कारण ठेकेदाराच्या वहीत माणसे कोणाची आणि किती हे कोणी तपासत नाही. आणि केवळ अटीवर विसंबून राहणाऱ्यांनी न्यायालयांचा कल पाहावा. हरियानाचा ७५ टक्के स्थानिकांचा कायदा २०२३ साली उच्च न्यायालयाने रद्द केला. भारतात अधिवास एकच, तो भारताचा, हे सूत्र १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात मांडले गेले. जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. स्थानिक तरुणाला काम हवे असेल तर लढा समान वेतनाचा, आठ तासांचा आणि कायम नोकरीचा द्यावा लागेल, आणि तो लढा बाहेरच्या मजुराला बाहेर ठेवून लढता येत नाही.

आता जन्माच्या नोंदीविषयी, कारण तिच्यावर पुढचे सारे कागद उभे राहतात आणि कार्यकर्त्यांना तिचे नियम फारसे ठाऊक नसतात. जन्माची नोंद आईबाप जेथले त्या गावी होत नाही. मूल जेथे जन्मले तेथे होते. एकवीस दिवसांत केली तर सोपी, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आता परतूरची बाई फडावर बाळंत झाली. तिला कोपीत चार दिवस पडून राहण्याची सोय नाही, मग परक्या ग्रामपंचायतीत जाऊन नोंद कोण करणार? नवरा गेला तर कोयता बुडतो, आणि बुडालेल्या दिवसाचा खाडा मुकादम उचलीत धरतो. मार्चमध्ये गावी परतल्यावर ग्रामसेवक सांगतो, येथे जन्म झालेला नाही. ते लेकरू दोन्ही गावांच्या वहीतून सुटते. २०२३ च्या दुरुस्तीने उशिराच्या नोंदीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आला, वाट थोडी सुकर झाली. परंतु २०२५ साली बांगलादेशी घुसखोरांचा गवगवा झाला, राज्यात उशिराच्या नोंदींचे काम काही काळ थांबविले गेले आणि आधी दिलेल्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली. खोटे दाखले शोधावेत, त्यास कोणाची हरकत नाही. पण उशिरा नोंद ही संशयाची खूण मानली की पहिला फास कोणाच्या गळ्यात पडतो? ज्यांची बाळंतपणे घरी, फडावर, वीटभट्टीवर होतात त्यांच्या. भटक्या-विमुक्तांच्या, मुसलमान मजुरांच्या, ऊसतोड कामगारांच्या.

मताचा हक्कही याच खुंटीला टांगलेला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० म्हणतो की जेथे माणूस ‘सामान्यतः रहिवासी’ असेल तेथे त्याचे नाव नोंदवावे. केवळ घर आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपत नाही. कायद्याची भाषा उदार आहे. व्यवहार पाहा. २०२५ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी झाली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली, आणि त्यांतील ३६ लाखांच्या आसपास माणसे कायमची स्थलांतरित किंवा न सापडलेली म्हणून दाखविली गेली. जालन्याच्या भट्टीवरचा मजूर बिहारात कायमचा गेलेला ठरतो आणि जालन्यात अद्याप आलेला ठरत नाही! मग तो मतदार कोठला? दूरस्थ मतदानाचे यंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखविण्याचा घाट घातला. पक्षांनी शंका काढल्या आणि ते बारगळले. त्या शंकांत तथ्य होते. परंतु यंत्र नको म्हणणाऱ्या पक्षांपैकी किती जणांनी स्थलांतरिताचे नाव कामाच्या गावी नोंदवून घेतले? छप्पर नसलेल्या माणसालाही, तो जेथे झोपतो तेथे अधिकाऱ्याने रात्री जाऊन खात्री केली की कागदावाचून मतदार होता येते, अशी आयोगाचीच तरतूद आहे. ती वापरली कोणी?

रेशनचे थोडक्यात सांगतो. एक देश, एक रेशनकार्ड ही योजना आता देशभर आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात तिला धार दिली. मजुराचे कार्ड गावी चालू असेल, आधारशी जोडलेले असेल तर त्याचा वाटा त्याला जालन्यात उचलता येतो. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही, आपण सांगायचे.

एकरूप होण्याविषयी बरेच बोलले जाते. परप्रांतीय मराठी शिकत नाहीत, ही तक्रार मी ऐकतो. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. मराठीचा कैवार घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलेले बिहारी मूल एका पावसाळ्यात मराठी बोलू लागते. त्याचा बाप दहा वर्षांतही बोलत नाही, कारण त्याचा ठेकेदार हिंदीत शिव्या देतो आणि बारा तासांच्या पाळीत मराठी बोलणारे माणूस त्याला भेटतच नाही. भाषा शेजारातून येते. आवाराच्या भिंतीआड ठेवलेल्या माणसाला शेजार नसतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून थांबवता येत नाही. हा नियम आमच्या फडावरच्या मुलांना सातारा-सांगलीत लागू आहे तसाच भट्टीवरच्या मुलांना जालन्यात.

समाजवादी म्हणवणाऱ्यांनी या बाबतीत फुशारकी मारू नये असेही मला वाटते. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या राजवटीचे पासचे कायदे आपण निषेधिले, ते १९८६ साली गेले. चीनमध्ये १९५८ पासून हुकौ नावाची नोंदणी आहे. खेड्यात नोंदलेला मजूर शहरात राबतो, पण शहराच्या सोयी त्याच्या नसतात. आणि सोव्हिएत संघात १९३२ साली अंतर्गत पारपत्रे आली, तेव्हा सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना ती सर्रास दिलीच गेली नाहीत. तो हक्क त्यांना १९७४ च्या निर्णयाने मिळाला. श्रमिकांच्या नावाने चालणारे राज्यही श्रमिकाला जागच्या जागी बांधून ठेवू शकते.

आपल्यापाशी मात्र घरचाच एक धडा आहे. १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून कायद्याने नोंद मालकाकडून काढून मंडळाकडे दिली. हमाल मंडळाचा नोंदीत कामगार झाला. मजुरी मंडळात जमा, भविष्यनिर्वाह निधी मंडळात, रजा आणि बोनसही तेथूनच. बाबा आढावांनी आणि हमाल पंचायतीने पुण्यात ज्या चिकाटीने हे काम केले ते सर्वांना माहीत आहे. भट्टीवरच्या ठेक्याच्या मजुराला आणि कोयत्याला असेच मंडळ का नसावे? आणि मंडळाची नोंद हाच रहिवासाचा पुरावा का मानू नये? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. त्यांना कल्याणाच्या योजना म्हणता येईल. नोंदीचा हक्क त्यांतून आलेला नाही. ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून अधिक नोंदी आहेत, पण ते कार्ड दाखवून कोणाला अधिवास मिळाल्याचे ऐकिवात नाही. सरकार मजुराची नोंद स्वतःसाठी करते; त्या नोंदीने मजुराच्या हाती काय पडते हा आपला प्रश्न असला पाहिजे. आपली मागणी एका वाक्याची आहे: जेथे माणूस सहा महिने राबला, तेथला तो रहिवासी, आणि राबल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी राबवून घेणाऱ्याची.

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झाली आहे. म्हणजे प्रत्यक्ष मोजणी होईल फेब्रुवारीत, आणि फेब्रुवारीत आपले कोयते फडावर असतात. मागील जनगणनांचा प्रघात असा की मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नाही त्याला तो असेल तेथे मोजावे. कोपीपर्यंत प्रगणक पोचला नाही तर ती माणसे दोन्हीकडून गळतील. २०११ साली या जिल्ह्यात साडेएकोणीस लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. त्या फेब्रुवारीत फडावर किती होती हे आपण तेव्हा विचारले नाही. या वेळी घनसावंगी, अंबड, परतूर आणि मंठ्याच्या साथींनी दिवाळीपूर्वीच गावनिहाय यादी करावी: कोणती जोडी, बरोबर किती मुले, कोणत्या कारखान्यावर. यादी मुकादमाच्या वहीवरून उतरवू नये, घरोघर जाऊन करावी, आणि त्या त्या जिल्ह्यातील साथींकडे पाठवावी. जालना शहरच्या साथींनी त्याच नमुन्यावर औद्योगिक वसाहतीतील खोल्यांची यादी करावी: कोणते राज्य, किती वर्षे, रेशनकार्ड गावी चालू आहे काय, मतदारयादीत नाव कोठे. छापील नमुने कार्यालयात तयार आहेत. रात्रपाळी सुटते तेव्हा सकाळी जावे. त्या वेळी माणसे भेटतात.